तीनशे दिवसांची मजुरी

शास्त्रपाठ : मार्क १४:३-९, लूक १४:२८-३०



वरील दोन्ही शास्त्रपाठ प्रत्येकाने घरी उघडून वाचावेत व मग पुढील विवेचनाकडे वळावे. पहिल्या पाठात एका स्त्रीची हकीकत आहे. बेथानी गावी शिमोनाच्या घरी प्रभू भोजनास बसला असता ती अलाबास्त्राची कुपी घेऊन आली, ती तिने फोडली, आणि आतील जटामांसीचे मोलवान तेल त्याच्या मस्तकावर ओतले. जवळ बसलेल्यांनी तत्काळ हिशेब मांडला की, हे तेल तीनशे दीनारांहून अधिक किमतीस विकले गेले असते. दीनार म्हणजे किती, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून कळते. द्राक्षमळ्यात राबणाऱ्या मजुराची एका दिवसाची मजुरी ती हीच. अर्थात शब्बाथ व सणवार वजा केले असता सुमारे वर्षभराची मजुरी त्या एका कुपीत साठविलेली होती. दुसऱ्या पाठात बुरूज बांधू पाहणारा एक मनुष्य आहे. जो आधी बसून खर्चाचा अंदाज करीत नाही, तो पाया मात्र घालतो. पुढे काम अडते, आणि येणारे-जाणारे त्याची थट्टा करतात.

हे दोन पाठ एकत्र घेण्याचे कारण असे की, आज कृष्णाकाठच्या आपल्या गावांतून, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ व आसपासच्या वस्त्यांतून, एक प्रश्न घरोघरी विचारला जात आहे. मुलगा बापास म्हणतो, "आबा, सगळ्यांकडं चांगला मोबाईल आहे, माझ्याकडंच नाही." बाप किंमत विचारतो, आणि आकडा ऐकून गप्प होतो. मग आई मध्ये पडते, कोणाकडून तरी उसने काढण्याची भाषा निघते, आणि त्या रात्री घरात कोणी कोणाशी नीट बोलत नाही. कोणी म्हणेल की, असला विषय उपदेशपीठावर कशास आणावा? त्यास आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टीत घराची वर्षभराची मिळकत जाते आणि बापलेकांची मने दुरावतात, ती गोष्ट क्षुल्लक नव्हे. प्रभूने पेरणारा, खमीर, जाळे, हरवलेले नाणे ह्यांविषयी बोधवचने सांगितली. आज तो आपल्या गावी आला तर आपल्या हातातील ह्या यंत्राकडे पाहून न बोलता पुढे जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

पहिला विचार : आधी बसून हिशेब करावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन १६ विक्रीस आणला, तेव्हा आपल्या देशात त्याची आरंभीची किंमत ७९,९०० रुपये होती. त्याच मालिकेतील प्रो मॅक्स नावाच्या मोठ्या यंत्राची १,४४,९०० रुपये. त्याच वर्षी जानेवारीत सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ आणला, त्याची किंमत ७९,९९९ रुपयांपासून पुढे होती. आता हे आकडे आपल्या गावच्या मापाने मोजून पाहू. सन २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २९७ रुपये ठरलेली होती. ह्या दराने आयफोन १६ म्हणजे २६९ दिवसांची मजुरी, आणि प्रो मॅक्स म्हणजे सुमारे ४८८ दिवसांची. बेथानीच्या कुपीचे तीनशे दिवस ह्या दोहोंच्या दरम्यान येतात. वाचकहो, दोन हजार वर्षांनंतरही हा हिशेब किती जवळ येऊन ठेपला आहे, ते पाहा!

शेतकरी बंधूंनी दुसऱ्या मापाने मोजावे. सन २०२४-२५ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागे ३,४०० रुपये ठरविला होता. त्या दराने ७९,९०० रुपये म्हणजे साडेतेवीस टन ऊस. त्यातून तोडणी व वाहतूक वजा करावी. लागण, खत, पाणी, मजूर ह्यांचा खर्च वजा करावा. आणि मग खिशात खरोखर जे उरते, त्या मापाने एका मोबाईलसाठी किती टन ऊस गाडीत चढला पाहिजे, हे ज्याचे त्याने आपल्या वहीत मांडून पाहावे. त्या किमतीत सरकारचा वाटाही आहे. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून अठरा टक्के झाला. त्यामुळे ७९,९०० रुपयांतील १२,१८८ रुपयांच्या जवळपास रक्कम केवळ कराची असते.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. किमती यंत्राची तरफदारी करणारे म्हणतात की, ते पुष्कळ वर्षे टिकते, म्हणून अखेरीस स्वस्त पडते. ह्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षेपर्यंत सुधारणा व सुरक्षेचे अद्ययावतीकरण पुरविण्याचे वचन निर्मात्यांनी दिले होते. स्वस्त यंत्रांस इतका दीर्घ आधार सहसा मिळत नाही. परंतु ७९,९९९ रुपये सात वर्षांत विभागले तरी वर्षाला सुमारे ११,४२८ रुपये पडतात. पंधरा हजारांचे यंत्र तीन वर्षांतच निकामी झाले असे धरले, तरी वर्षाला ५,००० रुपयेच होतात. शिवाय महाग यंत्र सात वर्षे वापरणारे किती, आणि दोन वर्षांत नवीन निघाले म्हणून जुने टाकणारे किती, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या माणसांत पाहावे. दोन वर्षांनी बदलणाऱ्यास, जुन्याची जी किंमत हाती येईल ती वजा होण्यापूर्वी, तेच यंत्र वर्षाला चाळीस हजारांस पडते. स्वस्त यंत्र दरवर्षी हेळसांडीने फोडणाराही शहाणा नव्हे, हेही येथे सांगून ठेवतो.

दुसरा विचार : किंमत एक आणि मोल दुसरे.

वस्तूची किंमत दुकानदार ठरवितो. तिचे मोल ती आपल्या कोणत्या कामास येते ह्यावरून ठरते. नृसिंहवाडीस पेढे घेण्यास जाणाऱ्याने ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी पाहावी. दुकानात चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर फलक टांगलेला असतो. एकजण लाखाच्या मोबाईलने पैसे देतो, दुसरा दहा हजारांच्या मोबाईलने. यूपीआयची ही व्यवस्था सन २०१६ मध्ये सुरू झाली, आणि तिने यंत्राची किंमत कधी विचारली नाही; मार्च २०२२ पासून तर साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे देण्याची सोय झाली आहे. दोघांचे पैसे सारख्याच त्वरेने पोहोचतात, आणि पेढेवाल्याचा तराजू दोघांस सारखाच पेढा मोजून देतो. बहुतेक कामांचे असेच आहे. सन २०२४ साली पंधरा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या यंत्रांतही पाचव्या पिढीचे जाळे, दिवसभर पुरणारी बॅटरी व बरा कॅमेरा मिळत असे. बोलणे, पत्र पाठविणे, सातबारा पाहणे, बाजारभाव विचारणे, मुलांचा अभ्यास, मिरजेच्या डॉक्टरांस तपासणीचा कागद पाठविणे, ही सर्व कामे तो करी.

मग अधिक पैशांत अधिक काय मिळते? अंधाऱ्या जागी उत्तम छायाचित्र, हात हलला तरी स्थिर राहणारे चित्रीकरण, वेगवान कार्य, सुबक काच, दीर्घ आधार. ज्याचा व्यवसायच लग्नसमारंभाचे चित्रीकरण करण्याचा आहे, त्याच्या हातात हे यंत्र म्हणजे सुताराच्या हातातील पटाशी होय. ते त्याला मिळवून देईल व आपली किंमत फेडील. अंध बांधवांस पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी सोय ॲपलने सन २००९ मध्ये आयफोनमध्ये आणली, आणि कित्येकांस त्या यंत्राने अक्षरशः नवी दृष्टी दिली. आता तशी सोय स्वस्त यंत्रांतही आहे. अशा मनुष्याने विचारपूर्वक महाग वस्तू घेतली तर त्यास कोणी नावे ठेवू नयेत. परंतु पहिल्या पंधरा हजारांत ज्या गोष्टी मिळतात त्या गरजेच्या, आणि पुढील साठ हजारांत ज्या मिळतात त्या बहुतांशी हौसेच्या, हा भेद विसरू नये.

नदीकाठच्या लोकांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही यंत्रे पाण्यात टिकतात अशी ख्याती आहे, आणि त्यांवर आयपी ६८ असे मानांकन असते. त्यातील सहा हा आकडा धुळीसंबंधी व आठ हा पाण्यात बुडण्यासंबंधी आहे. परंतु ती परीक्षा स्वच्छ, गोड्या व संथ पाण्यात, ठराविक खोली व ठराविक वेळ धरून घेतलेली असते. निर्मातेच सांगतात की, हा गुण वापराने कमी होत जातो. आणि आत पाणी शिरून बिघाड झाल्यास सामान्य हमीत तो धरला जात नाही. कृष्णेचे गढूळ, गाळाने भरलेले, वाहते पाणी त्या परीक्षेत नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याने वेढली असता, जेथे वीज गेली व मनोरे बंद पडले, तेथे लाखाचा आणि सात हजारांचा मोबाईल एकाच पंक्तीस बसले. दोन्ही मुके झाले. तेव्हा माणसे वाचली ती नावेने, दोराने, आणि दुसऱ्यासाठी पाण्यात उतरणाऱ्या हातांनी.

तिसरा विचार : उद्याचे विकून आजचे घेऊ नये.

"एवढे पैसे एकदम कोण देतो? हप्त्याने घेऊ, व्याज तर शून्य आहे," असे तरुण मंडळी म्हणतात. ह्या शून्याविषयी सावध असावे. १७ सप्टेंबर २०१३ रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांस बजावले की, शून्य टक्के व्याज अशी वस्तू मुळात अस्तित्वातच नाही. ते व्याज दुसऱ्या कोणत्या तरी आकाराच्या नावाखाली झाकून घेतले जाते. कोठे ते प्रक्रिया शुल्क होते, कोठे रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट हप्त्यावाल्यास नाकारली जाते. एक हप्ता चुकला की दंड, आणि मनुष्याची पत नोंदवहीत उतरते. पुढे पेरणीस किंवा आजारपणात खरे कर्ज हवे असते, तेव्हा हीच नोंद आडवी येते.

उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात एसाव रानातून थकून आला. याकोबाने शिजविलेल्या डाळीचा वास त्यास आला, आणि त्या एका वाढणीसाठी त्याने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क देऊन टाकला. डाळ वाईट नव्हती, भूकही खोटी नव्हती. त्याने तोल एवढाच चुकविला की, एका प्रहराच्या भुकेसाठी जन्मभराचा वारसा ठेवला. बंधूंनो, आईच्या कानातील कुड्या गहाण पडून मोबाईल घरी येतो, बहिणीच्या शिक्षणाचे पैसे त्यात जातात, लग्नाच्या बैठकीत वरपक्ष विशिष्ट बनावटीचा मोबाईल मागतो आणि वधूपिता खाली मान घालून होकार देतो, तेव्हा ती डाळीचीच वाढणी पुन्हा मांडलेली असते. अशा मागणीस आपल्या मंडळ्यांत कोणीही हौस म्हणू नये. तो हुंडाच होय, आणि हुंडा घेणे हे देवापुढे पाप व सन १९६१ च्या कायद्यान्वये अपराध आहे.

चौथा विचार : प्रभूने कुपीची किंमत निंदिली नाही.

येथवर वाचून कित्येक वडीलधारी मंडळी संतोषाने मान हलवीत असतील. त्यांनी आता पहिला पाठ पुन्हा काढावा. कुपी फुटली तेव्हा काटकसरीची भाषा कोणी केली? योहान सांगतो की, ती यहूदा इस्कर्योताने केली, आणि गरिबांच्या कळवळ्याने नव्हे. थैली त्याच्याजवळ होती व तो तीतील पैसे चोरीत असे. म्हणजे बचतीचे शब्द मुखी असणारा प्रत्येक मनुष्य धार्मिक असतोच असे नाही. मुलाच्या मोबाईलवर रागावणारा बाप थोरल्याच्या लग्नात हजार पाने वाढतो, दारात मोठी गाडी असावी म्हणून जमीन गहाण टाकतो, आणि तेथे मात्र त्यास बुरुजाचा दृष्टांत आठवत नाही. घरातील मूल हे सर्व पाहत असते. आपली प्रतिष्ठा वस्तूंत आहे हे त्याला दुकानदाराने शिकविण्यापूर्वी कोणी शिकविले, ह्याचा आपण अंतःकरणपूर्वक विचार करावा.

प्रभूने त्या स्त्रीची पाठ राखली. तिला जे करता येण्यासारखे होते ते तिने केले, अशी त्याने ग्वाही दिली. गरीब तुम्हांजवळ सदा आहेत, त्यांचे बरे करण्यास तुम्हांस कोणी अडविलेले नाही, असेही त्याने टीकाकारांस सुनावले. तेव्हा मोठी किंमत हे स्वतः पाप नव्हे. पण ती कुपी व आपल्या हातातील किमती यंत्र ह्यांत तीन भेद आहेत. पहिला, तिने आपल्याजवळ होते ते आणले. कोणाच्या घरची चूल विझवून आणले, असे शास्त्र सांगत नाही. दुसरा, तिने ते दुसऱ्यावर ओतले. स्वतःच्या अंगास लावून बाजारात मिरविली नाही. तिसरा, तिला त्यातून मान मिळावयाचा नव्हता, उलट बोल खावे लागले. आजची किमती वस्तू पुष्कळदा ह्याच्या अगदी उलट असते; ती उसन्या पैशांची, स्वतःसाठी, आणि लोकांनी पाहावे म्हणून घेतलेली. २२ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईस बांद्रा-कुर्ला संकुलातील ॲपलच्या दुकानापुढे नव्या आयफोनसाठी दूरदूरहून आलेले लोक रात्रीपासून रांगेत उभे होते. दुसऱ्या दिवशीही तीच वस्तू मिळणार होती; मग ती रात्र कशासाठी? सर्वांच्या आधी आपल्या हाती असावी म्हणून. त्या आधीपणाची किंमत पावतीवर छापलेली नसते, पण ती किमतीचा मोठा भाग असते.

पाचवा विचार : पाण्याची खूण.

नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेस मिळते. संगमाच्या वरच्या बाजूस दोन्ही नद्या वेगळ्या दिसतात. थोडे खाली गेले की हे पाणी कोणते व ते कोणते, हे कोणासही सांगता येत नाही. गरज व हौस ह्यांचेही असेच होते. मुलाच्या अभ्यासासाठी फोन पाहिजे, ही गरज. दुकानात शिरताना ती निराळी असते. काउंटरपुढे उभे राहिल्यावर हौस तीत मिसळते, आणि बाहेर पडताना ऐंशी हजारांची पावती सर्वच गरजेच्या नावावर असते. म्हणून हिशेब संगमाच्या वर, घरी बसून करावा. दुकानात करू नये.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. नदीचे पाणी मंदिरात चढून पादुकांवरून वाहू लागते व दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा आपले हिंदू शेजारी दक्षिणद्वार सोहळा मानतात व दूरवरून भाविक येतात. तेच पाणी आणखी कित्येक हात वर चढले की सोहळा संपतो व माणसे बिछाना, धान्य, गुरे घेऊन उंचावर निघतात. २००५, २०१९ व २०२१ साली आपण हे पाहिले. पाणी तेच, खूण ओलांडली एवढाच फरक. खर्चाचेही तसेच आहे. आणि पुराच्या त्या रात्री आपण काय उचलले, ह्याची आठवण करावी. आधी लेकरू, मग म्हातारी आई, मग गोठ्यातील जनावर, मग कागदपत्रांची पिशवी. त्या घाईत कोणी वस्तूंची किंमत विचारली नाही; प्रत्येकाचे मोल मात्र आपल्या हातांस आपोआप कळले. ते ज्ञान पाणी ओसरल्यावर विसरू नये, हाच आमच्या सांगण्याचा अर्थ.

यास्तव, ज्या घरात आज हा प्रश्न उभा आहे, तेथे सर्वांनी एकत्र बसून चार गोष्टी विचाराव्यात. ह्या यंत्राने कोणते काम होईल, जे स्वस्त यंत्राने होत नाही? ह्याचे पैसे आपल्याजवळ आहेत, की दुसऱ्याच्या तोंडचे काढून आणावयाचे आहेत? ही वस्तू कोणी पाहणारच नसते, तरी आपण ती घेतली असती काय? आणि किती वर्षे ती सांभाळून वापरण्याचा आपला निश्चय आहे? ह्या चारही प्रश्नांची उत्तरे सरळ आली, तर वस्तू घ्यावी व देवाचे आभार मानून वापरावी. न आली, तर साधी वस्तू घ्यावी, आणि तीही तितक्याच आनंदाने वापरावी.

तरुण मित्रांनो, तुम्हांस एक शब्द निराळा. ज्याच्या हाती साधा मोबाईल आहे त्यास हसणारे सोबती तुम्हांस भेटतील. त्यांचे हसणे ऐंशी हजार देऊन थांबवू नका. पुढील वर्षी नवे यंत्र निघेल व ते पुन्हा हसतील. तुमच्या बापाच्या हातावरील उसाच्या पात्याचे ओरखडे एकदा जवळून पाहा, आणि मग तुमची योग्यता किती किमतीची आहे ते ठरवा. तुमच्यासाठी ज्याने मोल दिले, त्याने ते रुप्यासोन्याने दिले नाही. आणि आईबापांनो, मूल मागते तेव्हा केवळ नाही म्हणून उठू नका. वही काढा, त्याला जवळ बसवा, घरची आवक व देणी त्याच्यापुढे ठेवा. ज्या मुलास घराचा हिशेब दाखविला, ते मूल घराचा भार उचलण्यास शिकते.

हे स्वर्गीय पित्या, आमच्या हातांत जे आहे ते तुझे आहे. काय विकत घ्यावे व कशावाचून राहावे, हे ओळखण्याचे शहाणपण आम्हांस दे. मुलांस आईबापांच्या श्रमाची, व आईबापांस मुलांच्या मनाची जाणीव दे. आणि जेव्हा आम्ही आमची कुपी फोडू, तेव्हा ती तुझ्या व आमच्या शेजाऱ्याच्या सेवेसाठी फुटो. आमेन.